मैत्रीची आगोट

(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आयोजकांनी फोन करून मला विषय सांगितला, 'आधुनिक जीवनात मैत्रीचं महत्त्व'. मी म्हटलं, अरे, हा तर आपल्याला नववीत निबंधाला होता! वीस ओळी, दहा गुण. मला साडेसहा मिळाले होते. खाली बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, 'उदाहरणे द्या.' बाई आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. बाई, एकोणतीस वर्षं लागली, पण उदाहरण आणलंय.

मी मांडवीची. आता पुण्यात असते. बँकांच्या पैशांचे व्यवहार ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्यावर काम करते. भाषण करायची सवय नाही. आमच्या कामात जो कमी बोलतो त्याला हुशार समजतात. त्यामुळे कामातली एक गोष्ट सांगूनच सुरुवात करते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

आमची सगळी कामं सर्व्हर नावाच्या यंत्रांवर चालतात. ही यंत्रं कुठेतरी लांब असतात, आम्ही ती डोळ्यांनी बघत नाही. मग ती चालू आहेत की बंद पडली, हे कळणार कसं? त्यासाठी प्रत्येक यंत्र ठरावीक सेकंदांनी एक छोटासा निरोप पाठवतं. त्या निरोपात काहीच नसतं. एवढंच असतं की, 'मी आहे.' याला आम्ही हार्टबीट म्हणतो, हृदयाचा ठोका. ठोका येतोय तोवर आम्ही निवांत. लागोपाठ दोन-तीन ठोके चुकले, की ज्याची पाळी असेल त्याचा फोन वाजतो. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी वाजतो. मी अशी कित्येकदा उठलेली आहे.

आता आपल्या ग्रुपकडे येऊ. आपण त्रेसष्ट जण आहोत त्यावर. हा ग्रुप जमवताना काय झालं ते किती जणांना आठवतं, माहीत नाही. मुलगे पंधरा दिवसांत सापडले. कोणी राम आळीत दुकानात, कोणी मारुती मंदिरापाशी, कोणी मुंबईत, पण आडनाव तेच होतं आणि एकाकडे दुसऱ्याचा नंबर होता. मुली शोधायला दीड वर्ष गेलं. कारण आडनावं बदललेली. काहींची तर नावंही बदललेली. माहेरचा लँडलाइन कधीच काढून टाकलेला. मग कोणाच्या मावशीला गाठ, कोणाच्या शेजाऱ्याला विचार, कोण गणपतीत माहेरी येते का त्यावर लक्ष ठेव, असं करत करत एकेक मिळाली. लग्नात मुलीबरोबर भांडी जातात, गादी जाते, शिलाई मशीनसुद्धा जातं. तिची मैत्रीण जात नाही. ती माहेरच्या गावात राहते, किंवा स्वतःच्या सासरी निघून जाते. 'तुझ्या मैत्रिणीला भेटून ये' असं म्हणणारं घर आमच्या पिढीत फार थोड्या मुलींना मिळालं.

त्यामुळे ग्रुप झाला तेव्हा मला खूप आनंद झाला होता. सगळी माणसं परत मिळाली असं वाटलं. सकाळी फोन उघडला की शुभ सकाळ, सुप्रभात, फुलं, चहाचा कप. रोज पाठवणारे आपल्याकडे निदान दहा-अकरा जण आहेत. मी कधी काही लिहीत नसे, पण अंगठा मात्र न चुकता टाकत असे. म्हणजे मीही आहे, आपण सगळे आहोत, सगळं ठीक आहे.

त्या दहा-अकरा जणांतली एक माझी बेंचवरची मैत्रीण. पाचवी ते दहावी आम्ही एका बाकावर बसलो. तिची गोष्ट मी तिला विचारून सांगते आहे. ती म्हणाली, "सांग. नाव घेऊ नकोस. कोणी ओळखलं तर ओळखू दे."

गेल्या वर्षी या संमेलनाची पहिली जुळवाजुळव सुरू झाली. वर्गणी गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. यादी घेऊन मी एकेकाला फोन करत होते. तिलाही केला. ग्रुपवर आम्ही रोज 'भेटत' होतो, पण तिचा आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते, ते मोजायला लागले तर चार वर्षं निघाली. मी म्हटलं, "वर्गणी पाठव आणि साडी कुठली नेसणार ते सांग." ती म्हणाली, "वर्गणी पाठवते गं. पण येणं जमेल असं वाटत नाही. केस अजून आलेले नाहीत."

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मी विचारलं, "कसले केस?"

स्तनाचा कॅन्सर होता. शस्त्रक्रिया झाली होती, केमो झाली होती, रेडिएशन संपत आलं होतं. आठ महिने हे चाललेलं होतं. त्या आठ महिन्यांत तिने ग्रुपवर मला शंभरावर फुलं पाठवली, आणि मी त्या प्रत्येक फुलाला अंगठा दाखवला.

मराठीत 'अंगठा दाखवणे' या वाक्प्रचाराचा अर्थ काय, हे बाईंनी आपल्याला आठवीत शिकवलं होतं. ऐन वेळी फसवणे. मी तो वाक्यात उपयोग करून दाखवला.

मी तिला म्हटलं, जे आपण सगळे म्हणतो तेच, "अगं, सांगायचंस ना!" ती शांतपणे म्हणाली, "कोणाला? त्रेसष्ट जणांना?"

या वाक्यावर मी नंतर खूप विचार केला. असली गोष्ट त्रेसष्ट जणांना सांगता येत नाही. ती एकाला सांगायची असते. मग तो एक बाकीच्यांना सांगतो, किंवा नाही सांगत. तिच्या फोनमध्ये त्रेसष्ट जण होते, पण तो एक कोण हे तिला ठरवता येईना. शाळेत असताना तिला हा प्रश्न पडला नसता. तिचं पोट दुखत असलं तर बाईंच्या आधी मला कळायचं.

पुढे ती जे म्हणाली, ते या भाषणात घ्यावं की नाही असा मला प्रश्न होता. ती म्हणाली, "तिसऱ्या केमोनंतर मला फार त्रास झाला. फोन हातात धरवेना. चार दिवस मी सुप्रभात पाठवलं नाही. मला वाटलं, कोणीतरी विचारेल."

कोणी विचारलं नाही. मीही नाही.

फोन ठेवल्यावर मी ग्रुपवर मागे जाऊन ते चार दिवस शोधले. ग्रुप काही गप्प नव्हता. उलट त्या चार दिवसांत तो जेवढा बोलला तेवढा कधी बोलला नसेल. एका चित्रफितीवरून राजकारणाचा वाद पेटला होता. दोघे जण ग्रुप सोडून गेले होते, बाकीचे त्यांना परत आणायचं की नाही यावर भांडत होते. त्या गदारोळात एक ठोका चार दिवस चुकला, आणि जिचा पगारच चुकलेले ठोके ओळखण्याचा आहे, तिच्या लक्षात आलं नाही. एखाद्या बँकेचं यंत्र असतं तर मी रात्री तीनला उठले असते.

मित्रांनो, त्या वादाबद्दल थोडं बोलते, कारण ते दोघेही आज इथे आहेत आणि एकमेकांपासून चार खुर्च्या सोडून बसले आहेत.

आपल्याला सहावीत टिळक आळीत टिळकांचं जन्मस्थान बघायला नेलं होतं. तिथून निघताना आपल्याला टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली गेली. आगरकरांची सांगितली गेली नाही. टिळक आणि आगरकर दोघांचाही जन्म १८५६ चा, दोघेही जुलैमधले. डेक्कन कॉलेजात त्यांची मैत्री झाली. चांगल्या सरकारी नोकऱ्या न घेता शिक्षणाचं काम करायचं, हे दोघांनी मिळून ठरवलं. पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये निघालेला केसरी, पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटी, या सगळ्यांत ते बरोबर होते. केसरीचे पहिले संपादक आगरकर होते. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये दोघांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. एवढी मैत्री. मग आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, यावरून मतं फाटली. १८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला, पुढच्या वर्षी सुधारक काढला. जे वाद एका खोलीत बसून होत होते, ते आता दोन वर्तमानपत्रांतून व्हायला लागले, चार लोकांसमोर, छापील शब्दांत. ते कडवट होत गेले. १७ जून १८९५ ला आगरकर गेले. वयाची चाळिशीही त्यांना मिळाली नाही. त्यांचा मृत्युलेख केसरीत टिळकांनी लिहिला.

मी इंजिनिअर झाले, यात मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्या म्हणणाऱ्या आगरकरांचा वाटा आहे, त्यामुळे त्या वादात माझी बाजू ठरलेली आहे. पण आज मुद्दा बाजूचा नाही. त्यांचा वाद निदान मुलींच्या लग्नाच्या वयाचा, देशाच्या भवितव्याचा होता. आपला वाद कोणीतरी तिसऱ्याने बनवलेल्या दोन मिनिटांच्या चित्रफितीवरून झाला. आणि तो झाला त्रेसष्ट जणांसमोर, लेखी. समोर बसून भांडलं की समोरच्याचा चेहरा पडलेला दिसतो, आणि आपण एक वाक्य गिळतो. लिहून भांडताना चेहरा दिसत नाही. आपण आगरकरांपेक्षा वयाने मोठे झालो आहोत. मृत्युलेख लिहायची वेळ येण्याआधी चार खुर्च्या सरकायला हरकत नाही.

आता मूळ मुद्दा. हे असं का झालं? आपण वाईट माणसं आहोत का? मला नाही वाटत. मला वाटतं, मैत्री कशाने बनते याचा आपला हिशेबच चुकला. आणि हिशेब हा माझा प्रांत आहे.

अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात जेफ्री हॉल नावाचे प्राध्यापक आहेत. नवीन गावात आलेली माणसं आणि कॉलेजात नव्याने दाखल झालेली मुलं यांच्याकडून त्यांनी विचारून घेतलं, की ओळखीचं माणूस मित्र व्हायला किती तास एकत्र घालवावे लागतात. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, चांगला मित्र म्हणायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. त्यातही कामाच्या ठिकाणी शेजारी बसून घालवलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, खेळ, खाणंपिणं, नुसतं बरोबर असणं, हे तास धरायचे.

मी आपलं गणित केलं. शाळा दिवसाला पाच तास आणि वर्षाला दोनशे दिवस धरली, तर एका वर्षात हजार तास. पाचवी ते दहावी सहा हजार. त्यात वर्गात गप्प बसलेले तास वजा करा. आपल्या वर्गाच्या बाबतीत फार वजा होणार नाहीत. त्यात शाळेतून मांडवीपर्यंतचा रस्ता मिळवा. घरी जायला वीस मिनिटं पुरायची, आम्हाला सव्वा तास लागायचा. आधी चिंचा, मग जेट्टी. जेट्टीवर दप्तरं टाकून बसायचं. उजवीकडे रत्नदुर्ग, डावीकडे खाडीपलीकडे भाट्याची वाळू, खाली आपली काळी पुळण. काय बोलायचो? काही नाही. एकही वाक्य मला आठवत नाही. पण ते तास कुठेतरी जमा होत होते.

हे तास आपण मिळवले नव्हते. सरकारने, शाळेने, आईवडिलांनी ते आपल्याला फुकट दिले होते. म्हणून आपल्याला वाटलं की मैत्री आपोआप होते. होत नाही. ती तासांनी होते, आणि मोठेपणी ते तास कोणी देत नाही, आपले आपण काढावे लागतात. कोणाला नव्याने आठवड्याला एक तास भेटायचं ठरवलं, तर दोनशे तास व्हायला जवळजवळ चार वर्षं लागतील.

इथे मला आमच्या घरची आगोट आठवते. तुम्ही सगळे हसाल, पण पुण्यात माझ्या मुलाला हा शब्द समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. मे महिना लागला की घरात आगोटीची धांदल. लाकडं फोडून पडवीत रचायची. सुके सोडे, सुकट, आमसुलं, कुळीथ, मीठ, पापड, सगळं डब्यांत भरायचं. शेजारी होड्या ओढून घेऊन त्या शाकारायची घाई. बाहेर तर लख्ख ऊन. आम्हा मुलांना वाटायचं, कशासाठी हे सगळं? आजी एकच सांगायची, "पाऊस लागल्यावर लाकडं सुकत नाहीत." मग जूनमध्ये समुद्र खवळायचा, मासेमारी बंद, चार-चार दिवस उघडीप नाही, आणि आगोट किती भरली होती ते चुलीला कळायचं.

आपली शाळा ही आपली आगोट होती. आपण अठ्ठावीस वर्षं त्याच डब्यांतलं काढून खातोय. 'आठवतं का रे' म्हणत आपण जो आनंद घेतो, तो त्या जुन्या साठ्याचा आहे. तो साठा चांगला आहे, म्हणून तर आपण सगळे इथे आलो. पण डब्यात नवीन काही पडत नाही. आणि आपल्या वयाला पाऊस लागायला सुरुवात झाली आहे. कोणाचे आईवडील अंथरुणाला खिळलेत, कोणाची नोकरी गेली, कोणाचा संसार मोडला, कोणाचा रिपोर्ट आला. आपल्यातले तीन जण आज या जगात नाहीत. ज्या मैत्रीची खरी गरज पुढच्या वीस वर्षांत लागणार, तिची लाकडं आत्ता उन्हात घालायची आहेत.

हे मी एकटी म्हणत नाही. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ मध्ये एक अभ्यास सुरू झाला. एका बाजूला विद्यापीठातले तरुण, दुसऱ्या बाजूला बॉस्टन शहरातल्या गरीब वस्तीतली मुलं. ऐंशीहून जास्त वर्षं त्यांच्या आयुष्याचा माग ठेवला गेला. त्यात असं दिसलं, की वयाच्या पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते, ते ऐंशीला सगळ्यांत ठणठणीत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितलं, की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट सांगते. मैत्रीने कॅन्सर बरा होत नाही. तो केमोने, शस्त्रक्रियेने, डॉक्टरांनी बरा होतो. पण केमोच्या दिवशी रांगेत शेजारी कोण बसलंय, याने ते सहा तास बदलतात. माझी मैत्रीण त्यातल्या दोन केमोंना एकटी रिक्षाने गेली होती. नवऱ्याला रजा उरलेली नव्हती. आणि मी पुण्यात, गाडीने तीन-चार तासांवर होते.

'वेळ कुठे आहे?' हा आपला ठरलेला बचाव. मीही तोच केला असता. पण फोनमध्ये एक सोय असते, दिवसाला किती वेळ स्क्रीनकडे बघितलं ते ती सांगते. त्या रात्री मी ती उघडली. कामाचा वेळ सोडून माझा आकडा होता रोजचे दोन तास चाळीस मिनिटं. आठवड्याचे साडेअठरा तासांहून जास्त. माझ्याकडे वेळ नव्हता, हे खोटं होतं. माझ्याकडे तास होते, मी ते दुसरीकडे भरत होते.

मग मी काय केलं? फार काही नाही. पुढच्या शनिवारी डोंबिवलीला गेले. काय बोलायचं, याची रस्ताभर तयारी केली होती. तिने दार उघडलं, डोक्याला रुमाल होता, आणि म्हणाली, "आलीस? बस. मेथी निवडायची आहे." आम्ही दोन जुड्या मेथी निवडली. तयारी केलेलं एकही वाक्य मी बोलले नाही. जेट्टीवर बसल्यासारखं झालं. त्यानंतर महिन्यातून एकदा जाते, नाहीतर ती येते. मधल्या रविवारी फोन. माझ्या हिशेबाने आतापर्यंत साठ-सत्तर तास झाले असतील. जुन्या सहा हजारांवर हे नवे साठ. तुम्हाला सांगते, चव या साठांचीच जास्त लागते, कारण ते आम्ही कमावलेले आहेत.

आमच्या कामात आणखी एक धडा आहे. ठोका येत असतो, पण यंत्र आतून अडकलेलं असतं, असंही होतं. 'मी आहे' एवढं ते सांगत राहतं, पण काम काहीच करत नाही. म्हणून आम्ही नुसत्या ठोक्यावर विसंबत नाही. एक रुपयाचा खरा व्यवहार पाठवून बघतो. तो रुपया पोचून परत आला, तरच सगळं ठीक. माणसांतही तसंच करावं लागतं. 'कशी आहेस?' हा ठोका झाला. त्याला 'मजेत' हे उत्तर ठरलेलं आहे. 'आज काय जेवलीस?', 'आईचा गुडघा कसा आहे?', 'काल झोप लागली का?' हे एक रुपयाचे प्रश्न आहेत. त्यांना अंगठ्याने उत्तर देता येत नाही.

आता माझी विनंती. नवीन ग्रुप काढायचा नाही. निधीही नको, शाळेचा निधी वेगळा आहे, तो सगळ्यांनी द्यावाच. मी फक्त तीन गोष्टी मागते.

पहिली, आपण त्रेसष्ट जण आहोत. तिघातिघांची एकवीस घरं होतात. आज जेवणाच्या वेळी आपापले तिघे ठरवा. त्या तिघांनी महिन्यातून एकदा एकमेकांशी बोलायचं. लिहायचं नाही, बोलायचं. कोणाला काही सांगावंसं वाटलं, तर 'कोणाला?' हा प्रश्न त्याला पडता कामा नये. ग्रुप सोडून गेलेल्या दोघांनाही यात धरलंय. खरं म्हणजे मी त्यांना एकाच घरात टाकलंय. तिसरी मी आहे.

दुसरी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला, जे कोणी रत्नागिरीत असतील त्यांनी मांडवीच्या जेट्टीवर यायचं. कार्यक्रम नाही, भाषण नाही, फोटो नाही. दोघे आले तरी पुष्कळ झाले. बाहेरगावच्यांनी आपापल्या गावात अशी एक जागा ठरवावी. पुण्याची जागा मी ठरवलेली आहे, नंतर येऊन विचारा. महिन्याचे दोन तास म्हणजे वर्षाचे चोवीस. दोनशे व्हायला आठ वर्षं लागतील. तोपर्यंत आपण पन्नाशी ओलांडलेली असेल, पण ती आठ वर्षं तशीही जाणारच आहेत.

तिसरी गोष्ट आपल्या मुलांसाठी. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. शाळेची बस दारात, बसमधून क्लास, क्लासमधून घर. वर्षभर मी अभिमानाने सांगत होते, की त्याचा एक मिनिट वाया जात नाही. मग लक्षात आलं, की त्याला जेट्टीच मिळालेली नाही. वाया जाणारा तास ज्याच्याकडे नाही, त्याची आगोट कशी भरणार? त्याचा एक क्लास मी बंद केला. त्या वेळात तो काय करतो, हे मी विचारत नाही. एवढंच बघते, की तो उशिरा घरी येतो आणि त्याच्या बुटांना माती असते. तुमच्या मुलांनाही असा एक तास द्या.

माझी मैत्रीण आज आली आहे. आधी नाही म्हणाली होती. मग म्हणाली, "केस आले, पण कुरळे आले. शाळेत असे असते तर दोन वेण्यांची कटकट वाचली असती." तिला भेटा, पण आल्या आल्या तब्येतीचं विचारू नका. ते मी विचारते. तुम्ही तिला विचारा, बाकावर करकटकाने नाव कोणी कोरलं होतं आणि छड्या कोणी खाल्ल्या. उत्तर माझ्या विरोधात जाईल, पण चालेल.

बाई, उदाहरण दिलं. वीस ओळींपेक्षा जास्त झालं, त्याचे गुण कापा.

कार्यक्रम साडेचारला संपतोय. आज महिन्याचा पहिलाच रविवार आहे. साडेपाचला मी जेट्टीवर आहे.